व्हिसा आला म्हणजे काम मिळालं असं नाही

हप्ते, व्याज, बँकेची फाईल, हे आपलं नेहमीचंच. आज बोलायचंय परदेशी कामाला जाण्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी सव्वा लाखाचं कर्ज मागितलं. या ताई तुंगार्लीला एका बंगल्यावर साफसफाई आणि स्वयंपाक करतात. शनिवार-रविवारी पाहुण्यांमुळे जेवायला वेळ नसतो आणि मधल्या दिवसांत काम नसतं. लोणावळ्यात हे कुणाला सांगायला नको. कर्ज कशाला, तर दुबईला घरकामाला जायला. महिन्याला चाळीस हजार मिळतील असं एजंट म्हणाला होता. गटाची सगळी शिल्लक सव्वा लाखाच्या जरा वर होती, म्हणजे बारा जणींचे पैसे एकीच्या हातात द्यायचे. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी विचारलं, "व्हिसा आलाय का?" त्यांनी मोबाईल पुढे केला. सगळं इंग्रजीत. माझं बीए मराठीतून झालेलं, मलाही दोनदा वाचावं लागलं. त्यावर 'टूरिस्ट' लिहिलं होतं आणि मुदत ६० दिवस. ताई म्हणाल्या, "मॅडम, व्हिसा म्हणजे व्हिसाच ना?"

तसं नसतं. कोण कशासाठी येतंय आणि किती दिवस राहणार, हे व्हिसावरच ठरलेलं असतं. आपल्याकडे दोन दिवसांसाठी बंगला भाड्याने घेतलेला पाहुणा तिथे खानावळ उघडू शकत नाही, तसंच हे. फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्याचा व्हिसा वेगळा आणि कामाचा वेगळा. कामाच्या व्हिसावर गेल्यावरही तिथे राहण्याचा परवाना काढावा लागतो. सौदीत त्याला इकामा म्हणतात, दुबईत एमिरेट्स आयडीचं कार्ड मिळतं. कुवेतमध्ये घरकामाचा व्हिसा २० नंबरचा असतो आणि खासगी कंपनीतल्या नोकरीचा १८ नंबरचा. दुकानात काम देतो असं कुणी सांगितलं आणि कागदावर २० असेल, तर कागद खरा धरायचा.

आखाती देशांत हा राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. काम सुटलं की राहण्याचा हक्कही संपायला लागतो. तिथे पंधरा वर्षं घरकाम केलं म्हणून कायमचं राहता येत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये बातमी पसरली होती की एक लाख दिरहॅम भरले की भारतीयांना दुबईचा जन्मभराचा गोल्डन व्हिसा मिळतो. तिथल्या सरकारने ती लगेच खोटी ठरवली. गोल्डन व्हिसा आहे, पण तो गुंतवणूकदारांना, डॉक्टर-शास्त्रज्ञांसारख्यांना, आणि ठरावीक वर्षांचाच.

आता टूरिस्ट व्हिसावर काम केलं तर काय होतं? दुबईत मुदत संपल्यावर रोज ५० दिरहॅम दंड चढतो, आपले हजाराच्या वर रुपये. परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिरहॅम दंड आहे. एवढा दंड अंगावर येईल म्हटल्यावर मालक बाईला घरात लपवूनच ठेवणार. पगार बुडाला तरी ती तक्रारीला जाणार कशी? तिचं तिथे असणंच बेकायदा.

मग एजंट टूरिस्ट व्हिसाच का काढतो? स्वस्त पडतो, हे आहेच. पण खरं कारण आपल्या पासपोर्टमध्ये आहे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' छापलेलं असतं. म्हणजे सौदी, कुवेत, अमिराती, ओमान, कतार, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचं तर आधी आपल्या सरकारची परवानगी हवी. ती १९८३ च्या कायद्याखाली प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स हे अधिकारी देतात. मुंबईत त्यांचं ऑफिस बांद्रा-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे. अशा पासपोर्टवर कामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान ३० लागतं. आणि २०१६ पासून या बायकांची भरती राज्य सरकारांच्या नेमलेल्या कंपन्यांकडे दिलेली आहे, खासगी एजंटाला ती करता येत नाही. फिरायला जाणाऱ्याला मात्र ही परवानगी लागत नाही. म्हणून एजंट बाईला कागदावर पर्यटक करतो. पगार किती, मालक कोण, करार काय, हे तपासणारा अधिकारीच मग वाटेत येत नाही.

आमच्या ताई आठवी पास, पासपोर्टवर ईसीआर. एजंट त्यांना म्हणाला होता, "आधी व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देतो." बदलून देणं तिकडच्या मालकाच्या आणि सरकारच्या हातात. एजंटाच्या हातात काय, तर सव्वा लाख.

एक जण लगेच म्हणाली, मग १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी होऊ, ईसीआर जाईल. जाईल, खरंय. दहावी कराच, दुबईला जायचं नसलं तरी करा. पण ईसीआर गेलं की परवानगीसोबत तपासणीही जाते, आणि करार वाचायची जबाबदारी आपल्यावर येते. मला विचाराल तर ईसीआरचा शिक्का लाजिरवाणा नाही. कटकटीचा आहे, पण बाईच्या बाजूचा आहे.

आपल्या घरातले पुरुष, मुलं जात असतील तरी एजंट सरकारी नोंदणीचा आहे का हे ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर बघता येतं. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते. प्रवासी भारतीय बीमा योजनेत २७५ रुपये आणि कर भरून दोन वर्षांसाठी १० लाखांचा अपघात विमा मिळतो. ईसीआरवाल्यांना तो सक्तीचाच आहे.

गटाने कर्ज दिलं नाही. ताई रागावल्या, दोन बैठकांना आल्या नाहीत. मग एका संध्याकाळी माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, पासपोर्ट आणि वीस हजार आधीच एजंटाकडे दिलेत. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता, तो कुणालाही अडकवून ठेवता येत नाही. हे लिहून पोलिसांत अर्ज दिला, तेव्हा चार दिवसांत पासपोर्ट परत आला. वीस हजार अजून आलेले नाहीत. पावती नव्हती.

पेन-कागद असेल तर घ्या. परदेशी कामासंबंधी सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, प्रवासी भारतीय सहायता केंद्र. नंबर सावकाश सांगते: १८००, ११, ३०९०. पैसे देण्याआधी करा. आणि व्हिसाचा कागद वाचता आला नाही तर गटाच्या बैठकीला घेऊन या, आपण बसून वाचू.