परदेशचा पगार आणि घरखर्चाचा ताळा

शिरवळ हे पुणे-सातारा रस्त्यावरचे, नीरेच्या काठचे गाव. नदी ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. कामासाठी गाव सोडून जाणे इथल्या माणसाला नवे नाही. सातारा जिल्ह्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबली, एकेका गाळ्यात दहा-पंधराजण राहिली, खानावळीत जेवली आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनिऑर्डर धाडीत राहिली. त्या काळी गावात विचारत, "पगार काय रं?" पण घरची म्हातारी विचारायची, "खाऊनपिऊन उरतं किती?" अर्थशास्त्राच्या दृष्टीने म्हातारीचाच प्रश्न अधिक शहाणपणाचा होता.

आज तोच प्रश्न मुंबईपेक्षा फार दूरच्या शहरांबाबत विचारायची वेळ आली आहे. कुणाची मुलगी परिचारिका झालेली असते, कुणाचा मुलगा वीजतंत्री किंवा इंजिनियर असतो, आणि घरात बोलणे सुरू होते, "लंडनला जावं का जर्मनीला?" लंडनशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. तिथले महाराष्ट्र मंडळ 1932 साली स्थापन झाले. जर्मनीतले स्टुटगार्ट हे 1968 पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याची ती राजधानी. बॉश कंपनी 1886 साली तिथेच सुरू झाली, आणि चाकणला ज्या मर्सिडीज मोटारी तयार होतात त्या कंपनीचे मूळ घरही तेच. 2024 साली महाराष्ट्र शासनाने या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार केला आणि सुरुवातीला दहा हजार तरुणांचे उद्दिष्ट जाहीर केले. तेव्हा ही दोन शहरे घेऊन आपण हिशेब कसा करावा ते पाहू या. आकडे मुख्यतः 2025 सालचे आहेत. ते दरवर्षी बदलतात, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की परदेशी पगाराला लगेच रुपयाने गुणायचे नाही. दोन हजार पौंड म्हटले की आपण मनातल्या मनात गुणाकार करतो आणि लाखांचा आकडा पाहून डोळे विस्फारतात. पण तो माणूस लंडनात राहणार, लंडनच्या भावाने भाडे देणार, लंडनच्या भावाने केस कापून घेणार. त्याचा खर्चही पौंडातच आहे. गुणायचे ते मिळकतीला नाही, शिलकीला. सगळा खर्च वजा जाऊन जे उरेल, तेवढेच रुपये होऊन शिरवळला येणार आहे.

दुसरी गोष्ट, कागदावरचा पगार वेगळा आणि हातात पडणारा वेगळा. मोजपट्टी म्हणून दोन्ही देशांतली कायद्याने ठरलेली सर्वांत कमी मजुरी घेऊ. 2025 साली ती ब्रिटनमध्ये, एप्रिलपासून, तासाला 12.21 पौंड होती, तर जर्मनीत 12.82 युरो. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे धरले, तर महिन्याला ब्रिटनमध्ये सुमारे 2,116 पौंड आणि जर्मनीत सुमारे 2,222 युरो होतात. आता कपात. ब्रिटनमध्ये वर्षाच्या पहिल्या 12,570 पौंडांवर कर नाही. त्यापुढच्या रकमेवर या पातळीला 20 टक्के प्राप्तिकर आणि 8 टक्के राष्ट्रीय विमा. निवृत्तिवेतनाची वर्गणी सोडून, हातात सुमारे 1,817 पौंड पडतात. जर्मनीत आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, बेकारीविमा आणि वार्धक्यातील शुश्रूषेचा विमा यांतच कामगाराचा पाचवा हिस्सा जातो, वर प्राप्तिकर. एकट्या माणसाच्या हातात सुमारे 1,600 युरो उरतात. म्हणजे एकीकडे सातवा हिस्सा कापला गेला, तर दुसरीकडे चौथ्या हिश्शाहूनही जास्त.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, "मग लंडनच बरं की!" थांबा, घाई करू नका. कपात म्हणजे सगळा तोटा नव्हे. त्या पैशात काय मिळते ते पाहिले पाहिजे. जर्मनीत कमावत्या माणसाच्या त्याच सरकारी आरोग्यविम्यात, स्वतःची कमाई नसलेली पत्नी आणि मुले वेगळी वर्गणी न भरता येतात. ब्रिटनमध्ये सरकारी दवाखाना आहे, पण बाहेरून आलेल्याला व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य-अधिभार आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड आणि मुलाला 776 पौंड ठरला. नवरा, बायको आणि दोन मुले तीन वर्षांसाठी जाणार असतील, तर शिक्षकांनी फळ्यावर गणित मांडून पाहावे. वर्षाचे 3,622 आणि तीन वर्षांचे 10,866 पौंड, तेही पहिला पगार हातात पडण्याआधी! काही मालक हा खर्च स्वतः उचलतात, आणि आरोग्यसेवेच्या खास व्हिसावर जाणाऱ्या परिचारिकांना या अधिभारातून सूट आहे. म्हणून ही गोष्ट आधी विचारून घ्यावी. शिवाय जर्मनीत 2025 साली प्रत्येक मुलामागे दरमहा 255 युरो बालभत्ता होता, आणि नोकरीसाठी रीतसर गेलेल्या परदेशी कुटुंबालाही तो साधारणपणे मिळतो. ब्रिटनच्या नोकरीच्या व्हिसावर असे सरकारी भत्ते सहसा घेता येत नाहीत.

आता घरभाडे. कुठल्याही मोठ्या शहरात खर्चाचा सर्वांत मोठा घास हाच. लंडनची भाडी युरोपातल्या सर्वांत चढ्या भाड्यांत मोडतात. स्टुटगार्टही जर्मनीतल्या महाग शहरांपैकी आहे, म्युनिक आणि फ्रांकफुर्टच्या पंगतीतले. पण भाड्याचा आकडा ऐकताना त्यातली खुबी कळली पाहिजे. जर्मनीत 'थंड भाडे' आणि 'उबदार भाडे' असे दोन शब्द आहेत. थंड भाडे म्हणजे नुसत्या जागेचे. उबदार भाड्यात हिवाळ्यातली उष्णता, पाणी, कचरा वगैरे धरलेले असते, आणि वीज बहुधा त्याहून निराळी. जाहिरातीत थंड भाडे वाचून हिशेब केला, तर महिनाअखेर फसगत ठरलेली. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत घेता येते, पण ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. कित्येक घरांत स्वयंपाकाचा ओटा आणि शेगडीसुद्धा नसते, ती आपली आपण बसवावी लागते.

लंडनमध्ये कित्येक ठिकाणी भाडे आठवड्याचे सांगतात. आठवड्याला 200 पौंड म्हटले की आपण चाराने गुणून महिन्याचे 800 धरतो. इथे चूक होते. वर्षाचे आठवडे बावन्न आहेत. 200 गुणिले 52, भागिले 12, म्हणजे महिन्याला सुमारे 867 पौंड. दर महिन्याला 67 पौंडांचा फरक पडला! अनामत मात्र तिथे 2019 च्या कायद्याने साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. भाड्याखेरीज 'कौन्सिल टॅक्स' नावाची स्थानिक पट्टी तिथे घरमालक नव्हे, तर सहसा राहणारा भरतो. एकच खोली घेऊन स्वयंपाकघर सामाईक ठेवण्याची चाल लंडनमध्ये रूढ आहे. गाळ्यात राहिलेल्या आपल्या आजोबांना ती ओळखीची वाटली असती.

भाड्याला जोडून प्रवास येतो. लंडनच्या रेल्वेचे भाडे शहराच्या मध्यापासून बाहेर जाणाऱ्या वर्तुळांवर ठरते. घर जितके बाहेर तितके भाडे हलके, पण तिकीट जड, आणि दिवसाचे दोन-तीन तास गाडीत. विरार किंवा बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. जर्मनीत मात्र मे 2023 पासून देशभरच्या स्थानिक गाड्या, बस आणि ट्राम यांना चालणारे एकच मासिक तिकीट निघाले. 2025 साली ते 58 युरोंना होते आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो झाले. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही. त्यामुळे स्टुटगार्टच्या आसपासच्या लहान गावात राहून रोज शहरात येणे खर्चाच्या दृष्टीने सोपे जाते.

रेडिओचे श्रोते म्हणून आणखी एक बारीक खर्च आपल्याला गमतीचा वाटेल. पूर्वी आपल्याकडेही रेडिओला परवाना लागे. जर्मनीत प्रत्येक घराला, संच असो वा नसो, सार्वजनिक नभोवाणीची वर्गणी आहे. 2025 साली ती दरमहा 18.36 युरो होती. ब्रिटनमध्ये रेडिओचा परवाना 1971 सालीच रद्द झाला, पण दूरचित्रवाणीचा राहिला.

मग एकूण खर्च किती धरायचा? दोन्ही सरकारांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक किमान आकडा ठरवला आहे, तो आपल्याला उपयोगी पडेल. एवढे पैसे जवळ असल्याचे दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. जानेवारी 2025 पासून ब्रिटनने लंडनसाठी महिन्याला 1,483 पौंड आणि लंडनबाहेर 1,136 पौंड ठरवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते आणखी वाढवले. एकाच देशात राजधानीचा खर्च तीस टक्क्यांनी जास्त! जर्मनीचा आकडा सप्टेंबर 2024 पासून महिन्याला 992 युरो आहे. तो सबंध देशासाठी एकच असल्यामुळे स्टुटगार्टला अपुरा पडतो, हे लक्षात ठेवावे.

आता ताळा मांडू. लंडनमध्ये हातात 1,817, खर्च 1,483, शिल्लक 334 पौंड. 2025 साली एक पौंड म्हणजे सुमारे एक युरो पंधरा ते वीस सेंट होता. म्हणजे ही शिल्लक चारशे युरोंच्या आतबाहेर. जर्मनीत हातात 1,600, खर्च 992, शिल्लक सहाशेच्या वर. पण स्टुटगार्टच्या महागाईपोटी समजा आणखी दोनशे युरो धरले, तर शिल्लक चारशेवर येते. तात्पर्य, लंडनला हातात जास्त पडते, तरी एकट्या माणसाची शिल्लक दोन्हीकडे जवळजवळ सारखीच निघते. कुटुंब बरोबर असेल, तर विमा आणि बालभत्ता यांमुळे पारडे जर्मनीकडे झुकते.

अर्थात ही फक्त मोजपट्टी आहे. नोकरीच्या व्हिसाला यापेक्षा मोठा पगार लागतो. ब्रिटनने कुशल कामगाराच्या व्हिसासाठी जुलै 2025 मध्ये सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 41,700 पौंडांवर नेली, आणि वृद्धांची देखभाल करणाऱ्या सेवकांची परदेशांतून नवी भरती त्याच महिन्यात बंद केली. जर्मनीच्या पारड्यातही एक वजन टाकायचे राहिले आहे. ते म्हणजे भाषा. परिचारिकेला साधारणपणे बी-दोन पातळीची जर्मन यावी लागते. ती शिकण्यात वर्षभर किंवा अधिक काळ जातो, आणि त्या काळातली बुडालेली कमाई हाही खर्चच आहे. इंग्रजी आपल्या मुलांना निदान शाळेपासून ठाऊक असते.

एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली एक नियम मांडला. मिळकत जसजशी वाढते, तसतसा तिच्यातला अन्नावरचा हिस्सा कमी होत जातो. याचा आपल्यापुरता अर्थ असा, की 'महाग शहर' ही गोष्ट सर्वांना सारखी नसते. डाळभात घरी रांधणाऱ्या एकट्या तरुणाची टोपली वेगळी, दोन लेकरांच्या आईची वेगळी, आणि रोज बाहेर जेवणाऱ्या इंजिनियरची वेगळी. वर्तमानपत्रात 'जगातील महाग शहरे' अशा याद्या येतात. त्यांतली टोपली कुणाची, हे आधी विचारावे. बहुतेक वेळा ती आपली नसते.

शेवटी, ज्या खर्चाचा उच्चार कोणी करीत नाही तो सांगतो. तो म्हणजे कर्जाचा हप्ता. मध्यस्थाला पैसे देण्यासाठी जमीन गहाण पडली, तर तिचे व्याज हा परदेशच्या घरखर्चाचाच भाग समजावा. वरच्या हिशेबात चारशे युरोंची शिल्लक दिसली. त्यातून व्याज आणि हप्ता वजा करा, आणि मग सांगा, किती वर्षांनी जमीन मोकळी होईल? नोकरीचे पत्र विकत देतो असे कोणी म्हणाला, तर तिथूनच परत फिरावे. खरा मालक नोकरीसाठी माणूस शोधतो, पत्र विकत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना हे गणित जरूर घालावे. फळ्यावर दोन रकाने आखावेत आणि प्रत्येकात क्रमाने लिहावे : कागदावरचा पगार, कपात, उबदार भाडे किंवा आठवड्याच्या भाड्याला बावन्नाने गुणून बाराने भागून आलेली रक्कम, प्रवास, अन्न, विमा, वर्षातून एकदा घरी यायचे विमानभाडे, आणि कर्जाचा हप्ता. सर्वांत खाली जी रक्कम उरेल, तिलाच रुपयाने गुणावे. तिसरा रकाना पुण्याचा आणि चौथा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीचा आखला, तर आणखी चांगले. एखाद्या मुलाचा चौथा रकानाच सरस ठरेल, एखादीचा पहिला. ज्याने त्याने आपला ताळा जुळवून, डोळे उघडे ठेवून घर सोडावे, किंवा घरीच राहावे.