मजुरीचा दर कोण ठरवितो? कामठीच्या विडी कामगार स्त्रिया आणि लोकप्रतिनिधित्व

तेंदूपत्ता भिजवावा, मापात कापावा, चिमूटभर तंबाखू भरून वळावा आणि दोरा बांधावा. अशा हजार विड्या झाल्या की मजुरीचा एक हिशेब पूर्ण होतो. कामठी परिसरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून झाले आणि ते मुख्यतः स्त्रियांच्या हातांनी झाले. ठेकेदाराने काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, तर तेवढे श्रम वाया जातात. राजकारणात स्त्रियांची संख्या वाढल्याने या हजारी दरात काही फरक पडतो काय? हा प्रश्न समजून घेणे अगत्याचे आहे.

कामठीला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. येथील बाबू हरदास एल. एन. यांनी १९३२ साली विडी मजदूर संघ स्थापन करून ठेकेदारांच्या पिळवणुकीला आव्हान दिले. १९३७ साली ते नागपूर-कामठी मतदारसंघातून मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले. त्याच विधिमंडळात नागपूरच्या अनसूयाबाई काळे उपसभापती झाल्या. विडी कामगारांचा प्रतिनिधी आणि एक कर्तबगार स्त्री एकाच सभागृहात होती. परंतु स्वतः विडी वळणारी स्त्री मात्र तेथवर पोचली नव्हती. १९३९ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी हरदासांचे निधन झाले.

पुढे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्या स्त्रीलाही 'कामगार' मानले. विड्या नाकारल्यास त्या वादाचा निवाडा करण्याची सोयही त्यात होती. १९७६ साली विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्यात आला. त्यातून दवाखाने व मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तो उपकर रद्द झाला. असे निर्णय घरातील सुपापासून फार दूर घेतले जातात.

स्त्रियांना जागा प्रथम मिळाल्या त्या स्थानिक संस्थांत. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी एक तृतीयांश, तर महाराष्ट्राने २०११ साली निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्याचा उपयोग निश्चित झाला. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील ग्रामपंचायतींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. जेथे सरपंचपद स्त्रीसाठी राखीव होते, तेथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाल्याचे त्यांना आढळले. नळ दाराशी आला, तर मजुरी करणाऱ्या स्त्रीचे श्रम व वेळ वाचतो, हे खरेच. पण विडीचा दर नगरपरिषद ठरवीत नाही. किमान वेतन राज्य शासन ठरविते.

विधानसभेत कामठीची स्त्री पोचली, हेही नमूद केले पाहिजे. ॲड. सुलेखा कुंभारे १९९९ ते २००४ या काळात आमदार होत्या व राज्यमंत्रीही झाल्या. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची तरतूद केली. मात्र तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली.

याहून कमी चर्चिली गेलेली एक तरतूद विडी कामगार स्त्रीच्या अधिक जवळची आहे. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. किमान वेतनाबाबत शासनाला सल्ला देणाऱ्या मंडळात मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असावेत आणि एकूण सदस्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ही संहिता सांगते. म्हणजे ज्या टेबलावर दराची चर्चा होते, तेथेच स्त्रीसाठी खुर्ची ठेवलेली आहे.

तथापि सदस्यांची नेमणूक शासन करते. त्या खुर्चीवर कोणती स्त्री बसेल, हा खरा प्रश्न आहे. हजार विड्यांना किती तास लागतात आणि त्यांपैकी किती नाकारल्या जातात, हे जिला स्वानुभवाने ठाऊक आहे, तिचे नाव संघटनेनेच पुढे केले पाहिजे. हरदासांनी विधिमंडळात जाण्यापूर्वी पाच वर्षे संघ बांधला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. मत मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग ती स्त्री असो वा पुरुष, आपण एक साधा प्रश्न विचारू शकतो: हजार विड्यांचा आजचा दर आपणांस माहीत आहे काय?