प्रारण चिकित्सा, मेंदूतील मारक अर्बुदांची
मेंदूतील तंत्रिका कोशिकांना (पेशींना) आधार देणाऱ्या कोशिकांपासून ग्लिओब्लास्टोमा हे अतिशय मारक अर्बुद उद्‌भवते. ते सभोवतालच्या निरोगी ऊतकात मुळांप्रमाणे शिरत असल्याने शस्त्रक्रियेने समूळ निघत नाही. म्हणून जखम भरून येताच रेषीय कणवेगवर्धकातून उच्च ऊर्जेचे क्ष-किरण देतात. त्यांमुळे कोशिकांतील डीएनए रेणू तुटतात. निरोगी कोशिका ही हानी बऱ्याच अंशी भरून काढतात. अर्बुद-कोशिकांना ते तितकेसे साधत नाही. या फरकाचा लाभ मिळावा म्हणून एकूण ६० ग्रे मात्रा रोज २ ग्रे याप्रमाणे ३० हप्त्यांत, सहा आठवडे देतात. डोके हलू नये यासाठी चेहऱ्यावर बेतलेला प्लॅस्टिकचा मुखवटा असतो. शलाकेची तीव्रता जागोजागी बदलून दृक्-तंत्रिका व मस्तिष्क स्तंभ यांचे रक्षण करतात. टेमोझोलोमाइड हे औषध जोडीने दिल्यास दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा सुमारे १० वरून २६ वर जाते, असे २००५ मध्ये दिसून आले. रोग बहुधा उलटतोच.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या खारघर येथील केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन चिकित्साही उपलब्ध आहे. मात्र या अर्बुदात तिने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. राळेगणसिद्धीसारख्या (ता. पारनेर) गावातील रुग्णाला यंत्राच्या प्रकाराहून सहा आठवड्यांचा शहरातील मुक्काम अधिक जड जातो. साठीनंतरच्या रुग्णांना तीन आठवड्यांत, १५ हप्त्यांत ४० ग्रे मात्रा दिल्यासही आयुर्मान जवळजवळ तेवढेच राहते, असे कॅनडातील चाचणीत (२००४) आढळले आहे.