गुडघ्यातला धातू, पाठीवरची चाचणी
खोटे कानातले घातले की कानाची पाळी चिघळते, जीन्सच्या बटणाखाली खाज सुटते. दोष बहुधा निकेलचा. गुडघ्याच्या नेहमीच्या कृत्रिम सांध्यात कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू असतो आणि त्यात किंचित निकेलही. म्हणून असा त्रास असेल तर शस्त्रक्रियेआधीच सर्जनला सांगावे.

धातूची ॲलर्जी तपासण्याच्या पॅच टेस्टमध्ये धातूंचे क्षार पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढतात. निकाल तेवढ्यावर ठरत नाही. ही ॲलर्जी सावकाश उमटते, त्यामुळे एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा दाखवावी लागते. तोवर पाठ भिजवायची नाही, उन्हाळ्यात हीच खरी शिक्षा! मात्र कातडी लाल झाली म्हणजे सांधा बिघडेलच असे नाही. निकेल न सोसणाऱ्या अनेकांचे सांधे बिनतक्रार चालतात. शस्त्रक्रियेनंतर गुडघा दुखतच राहिला, तर आधी जंतुसंसर्ग आणि सांध्याचा सैलपणा तपासतात. धातूवर संशय त्यानंतर.