‘तोक्को’ची परिभाषा : जपानी आत्मघाती पथके आणि त्यांचा राजमान्य गौरव

आपल्या सैनिकाने प्रसंगी प्राण पणाला लावावेत, अशी अपेक्षा कोणतीही राज्यसंस्था बाळगते. परंतु ज्या कामगिरीत परत येण्याची शक्यताच गृहीत धरलेली नाही, अशा कामगिरीवर त्याला धाडणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट होय. पहिल्या प्रकारात मरण हे कार्याचे संभाव्य फळ असते. दुसऱ्यात ते कार्याचे साधनच बनते. हा भेद पुसल्यावाचून दुसऱ्या प्रकारची कामगिरी समाजाच्या पचनी पडत नाही, आणि तो पुसण्याचे काम प्रथम भाषा करते. बढत्या, निवृत्तिवेतने व देवळे मागाहून येतात. ऑक्टोबर १९४४ ते ऑगस्ट १९४५ या काळात जपानच्या भूदलाचे व नौदलाचे मिळून सुमारे चार हजार वैमानिक अशा रीतीने कामी आले. त्यांच्याभोवती रचली गेलेली परिभाषा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

आरंभ फिलिपीन्समधील माबालाकात येथील विमानतळावर झाला. १९ ऑक्टोबर १९४४ रोजी व्हाइस ॲडमिरल ओनिशी ताकिजिरो याने तेथील अधिकाऱ्यांपुढे आपली योजना मांडली. पहिल्या पथकात चोवीस वैमानिक होते व त्यांचे नेतृत्व लेफ्टनंट सेकी युकिओ याजकडे दिले गेले. पथकाला मिळालेले नाव दोन चिनी चिन्हांनी लिहिले जाते : ‘देव’ आणि ‘वारा’. १२७४ व १२८१ मध्ये मंगोल आरमारांची वाताहत करणाऱ्या वादळांना जपानी परंपरेने हे नाव दिले होते. या चिन्हांचा अधिकृत उच्चार ‘शिंपू’ असा होता. ‘कामिकाझे’ हे त्याच चिन्हांचे देशी वाचन. मराठीत तत्सम आणि तद्भव शब्दांच्या भारदस्तपणात जो फरक जाणवतो, त्याच जातीचा फरक या दोन वाचनांत आहे. जगभर मात्र रूढ झाले ते देशी वाचनच.

पथकाच्या चार तुकड्यांना शिकिशिमा, यामातो, आसाही व यामाझाकुरा ही नावे देण्यात आली. ती मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) याच्या एका सुप्रसिद्ध कवितेतून घेतलेली होती. नोरिनागा हा योद्धा नव्हे. तो व्याकरणज्ञ व भाष्यकार होता. ‘कोजिकी’ या प्राचीन ग्रंथावरील भाष्यासाठी त्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे वेचली. त्याच्या कवितेतील रानचेरी सकाळच्या उन्हात फुललेली आहे. फुले गळण्याचा उल्लेख तीत नाही. गळणारे फूल म्हणजे सम्राटासाठी मरणारा सैनिक, हे समीकरण मेइजी काळानंतरच्या शिक्षणाने व लष्करी गीतांनी घट्ट केले आणि मग ते जुन्या कवितेत मागाहून वाचले गेले. एका भाषाशास्त्रज्ञाची शब्दकळा अशा कामी यावी, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

आत्महत्येला जपानीत ‘जिसात्सु’ हा सरळ शब्द आहे. अधिकृत लेखनाने तो कटाक्षाने टाळला. त्याऐवजी ‘तोकुबेत्सु कोगेकी’, म्हणजे ‘विशेष आक्रमण’, अशी संज्ञा योजली गेली आणि तिचेच ‘तोक्को’ हे संक्षिप्त रूप रूढ झाले. या संज्ञेत मरणाचा निर्देश कोठेच नाही. मरण सांगण्यासाठी वेगळे शब्द होते. ‘सांगे’ हा मूळचा बौद्ध पूजाविधीतील शब्द असून त्याचा अर्थ बुद्धापुढे फुले उधळणे असा आहे. युद्धकाळात तो रणांगणावरील मृत्यूचा पर्याय झाला. ‘ग्योकुसाई’, म्हणजे रत्नाचा चुरा होणे, हा शब्द एका प्राचीन चिनी इतिहासग्रंथातून आलेला आहे. अखंड कौल होऊन राहण्यापेक्षा फुटलेले रत्न होणे बरे, असा तेथील आशय. मे १९४३ मध्ये अट्टू बेटावरील सुमारे अडीच हजारांची शिबंदी जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली, तेव्हा सेनाश्रेष्ठींनी आपल्या निवेदनात हा शब्द प्रथम वापरला. पराभव शब्दातच विरून गेला. शस्त्रांची नावेही याच वळणाची होती. माणसासह शत्रूवर आदळणाऱ्या अग्निबाणयुक्त विमानाला ‘ओका’, म्हणजे चेरीचे फूल, म्हणत. अमेरिकन नाविकांनी त्याला ‘बाका’ हे नाव दिले. जपानीत त्याचा अर्थ मूर्ख. एकाच वस्तूची ही दोन जपानी नावे!

हे सर्व सरकारने वरून लादले, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. २२ फेब्रुवारी १९३२ रोजी शांघायजवळ तारेचे कुंपण उडविताना तीन जपानी सैनिक स्फोटात ठार झाले. ते हेतुतः मेले की अपघाताने, याविषयी पुढे बराच वाद झाला. वृत्तपत्रांना तो वाद परवडणारा नव्हता. एकाने त्यांना ‘निकुदान’ (मानवी गोळा) तर दुसऱ्याने ‘बाकुदान’ (बॉम्ब) हे पद जोडून ‘तीन वीर’ ठरविले, गीतांच्या स्पर्धा जाहीर केल्या, आणि काही आठवड्यांतच त्यांच्यावर चित्रपटही निघाले. वाचकाला हवे ते वृत्तपत्राने दिले आणि सरकारला एक तयार साचा मिळाला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यात लहान पाणबुड्यांतून दहा जण गेले होते. मार्च १९४२ मध्ये त्यांपैकी नऊ जणांना ‘गुंशिन’, म्हणजे युद्धदेव, म्हणून घोषित करण्यात आले. दहावा, साकामाकी काझुओ, शत्रूच्या हाती जिवंत सापडला होता. म्हणून त्याचे नाव वगळले गेले.

गौरवाची रीत पुढे ठरूनच गेली. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी सेकीची तुकडी झेपावली. त्या दिवशी अमेरिकेची ‘सेंट लो’ ही विमानवाहू नौका बुडाली. तीन दिवसांत नौदल मंत्रालयाने घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी ती छापली. सेकीला मरणोत्तर दोन पायऱ्यांची बढती मिळून तो कमांडर झाला. ही बढती केवळ शोभेची नव्हती, कारण आप्तांचे निवृत्तिवेतन हुद्द्यावर अवलंबून असे. यासुकुनी देवस्थानात मृताची गणना देवांत होई, घराला मान मिळे, आणि सेकीची आई ‘युद्धदेवाची माता’ ठरली.

परंतु मरणाचे पारितोषिक आधी दिले गेले आणि माणूस मेलाच नाही, तर काय होते? भूदलाच्या ‘बांदा’ तुकडीतील साासाकी तोमोजी या कनिष्ठ हुद्द्याच्या वैमानिकाची हकिकत येथे फार बोलकी आहे. त्यांच्या विमानांवरील बॉम्ब सोडताच येणार नाहीत, अशा रीतीने बसविलेले होते. तुकडीच्या नायकाने ते सोडता येतील अशी दुरुस्ती करवून घेतली. नोव्हेंबर १९४४ मध्ये सासाकीने बॉम्ब टाकला व तो परतला. तोवर त्याच्या वीरमरणाची वार्ता जाहीर झाली होती. गावी अंत्यविधीही झाला. वार्ता सम्राटाच्या कानी गेलेली असल्याने तो आता मेलाच पाहिजे, असा वरिष्ठांचा आग्रह सुरू झाला. तो नऊ वेळा गेला व नऊ वेळा परतला. येथे घोषणा घटनेचे वर्णन करीत नाही. घटनेनेच घोषणेशी जुळते घ्यावे, अशी मागणी केली जाते. परतलेल्या इतर वैमानिकांना फुकुओका येथील ‘शिंबु-र्यो’ या वसतिगृहात जगाच्या दृष्टीआड ठेवण्यात आले.

स्वेच्छेचा प्रश्नही काही अंशी शब्दांचाच आहे. काही तुकड्यांत वैमानिकांना कागद देऊन ‘तीव्र इच्छा’, ‘इच्छा’ आणि ‘इच्छा नाही’ यांपैकी एक पर्याय निवडावयास सांगत. सहकाऱ्यांच्या देखत, नाव घालून दिलेल्या अशा उत्तरास कितपत स्वेच्छा म्हणावे, हे उघड आहे. तथापि सगळेच शब्दांना भुलले होते, असेही नाही. केइओ विद्यापीठाचा विद्यार्थी उएहारा र्योजी ११ मे १९४५ रोजी ओकिनावाच्या मोहिमेत मरण पावला. आदल्या रात्रीच्या लेखनात त्याने हुकूमशाही राज्यांचा पराभव अटळ असल्याचे नमूद केले आहे. तरीही तो गेला. शब्दांवर विश्वास नसलेल्यालाही शब्दांनी उभारलेली व्यवस्था बांधून ठेवू शकते, ही गोष्ट केवळ प्रचाराच्या भाषेत उत्तर शोधणाऱ्या अभ्यासकांच्या नजरेतून वारंवार सुटते.

नामांतराची ही युक्ती जपानपुरती मर्यादित नाही. श्रीलंकेतील तमिळ वाघांच्या संघटनेने ५ जुलै १९८७ पासून आत्मघाती हल्ले आरंभले. २००९ मध्ये तिचा पाडाव होईपर्यंत ती हा दिवस पाळीत असे. मृतांना ती मरणोत्तर हुद्दे देई आणि ‘तर्कोलै’ (आत्महत्या) या शब्दाऐवजी ‘तर्कोडै’ (आत्मदान) हा शब्द वापरी. एका व्यंजनाच्या फरकाने निंद्य कर्म दान होते. अरबीतही ‘इंतिहार’ म्हणजे आत्महत्या निषिद्ध असल्याने अशा हल्ल्यांचे समर्थक हौतात्म्यवाचक ‘इस्तिश्हाद’ हा शब्द पुढे करतात.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली व ओनिशीने पोट चिरून घेतले. १९४६ मध्ये परकीय अधिसत्तेने लष्करी निवृत्तिवेतने बंद केली. ती १९५३ मध्ये पुन्हा सुरू झाली. सेकीच्या आईने ही मधली वर्षे हलाखीत काढली. एका शाळेत शिपायाचे काम करून ती त्याच १९५३ साली वारली. जे वैमानिक जिवंत उरले, त्यांतील भरकटलेल्यांसाठी युद्धोत्तर जपानीने एक नवा सामासिक शब्द घडविला : ‘तोक्को-कुझुरे’. ‘कुझुरे’ म्हणजे ढासळलेला, पडझड झालेला. काळ्या बाजारात वावरणाऱ्या, दारू पिऊन मारामाऱ्या करणाऱ्या तरुणांना उद्देशून तो वापरला जाई, आणि तो वापरणारे पुष्कळसे लोक वर्षभरापूर्वी त्यांनाच निरोप देण्यासाठी उभे होते.