गाडीच्या मीटरचा उजेड कोणत्या रंगाचा असावा?



गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या दिवशी दहावीतल्या एका मुलानं मधल्या सुट्टीत मला गाठलं. "सर, काकांनी गाडीत निळी लायटिंग करून घेतली. रात्री विमानात बसल्यासारखं वाटतं. पण आजोबा म्हणतात, काढून टाक ती. कोणाचं बरोबर?"

थोडं खोदून विचारल्यावर खरी गोष्ट कळली. काका रत्नागिरीहून कोल्हापूरला भाडी मारतात. परवा रात्री परत येताना आंबा घाटात रस्त्यावर गुरं बसली होती, ती अगदी जवळ आल्यावर दिसली. आजोबा शेजारी बसले होते, त्यांनी ओरडून सांगितलं म्हणून वेळेवर ब्रेक लागला. आता एवढं सगळं एका निळ्या पट्टीमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. काळोख होता, पाऊस होता, काका दमलेले होते. पण आजोबांची तक्रार बिनबुडाची नाही, आणि तिचं उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात अर्धं तरी आहेच.

डोळ्याच्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात, हे तुम्ही शिकलात. शंक्वाकार पेशी साधारण 60 लाख. त्या भरपूर उजेडात काम करतात, रंग ओळखतात, बारीक अक्षर वाचतात. दंडाकार पेशी सुमारे 12 कोटी. त्यांना रंग कळत नाही, पण अगदी मंद उजेडातही त्या जाग्या असतात. घाटात हेडलाइटच्या झोताच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला काहीतरी हललं हे आधी कोणाला कळतं? या दंडाकार पेशींना.

त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते 'अ' जीवनसत्त्वापासून बनतं, म्हणून तर त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. उजेड पडला की हे द्रव्य विघटित होतं आणि काळोखात सावकाश पुन्हा तयार होतं. पूर्ण भरून यायला 20 ते 30 मिनिटं लागतात. दिवे गेल्यावर घरात आधी काहीच दिसत नाही आणि हळूहळू कपाट, खुर्ची दिसायला लागते, ते यामुळे. कमावायला अर्धा तास, घालवायला काही क्षण पुरतात.

आता रंगाकडे येऊ. दंडाकार पेशी सगळ्या रंगांना सारखा प्रतिसाद देत नाहीत. सुमारे 500 नॅनोमीटरच्या निळसर हिरव्या उजेडाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात, आणि 640 नॅनोमीटरच्या पुढच्या गडद लाल उजेडाला जवळजवळ देतच नाहीत. 1825 साली पुर्किन्ये या शास्त्रज्ञानं याचा परिणाम लिहून ठेवला होता. मंद उजेडात लाल फुलं काळपट दिसतात आणि निळी-हिरवी वस्तू त्या मानानं उजळ दिसते. पेशींचा हा भेद तेव्हा कोणाला माहीत नव्हता, नुसत्या निरीक्षणावर त्यानं हे पकडलं.

तुम्हीही पकडू शकता. दारातली लाल जास्वंद घ्या. दुपारी फूल पानांपेक्षा जास्त उठून दिसतं. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं, अंगणातला दिवा न लावता, तेच झाड बघा. फूल काळं पडलेलं दिसेल आणि पानं त्याच्यापेक्षा फिकी. हे करून बघा आणि वेळ वहीत लिहून आणा.

म्हणजे सरळ हिशोब असा की मीटरचा उजेड लाल असला तर दंडाकार पेशींना धक्का लागणार नाही. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांमध्ये रात्री लाल दिवे लावत ते याच कारणानं. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांमध्ये बरीच वर्षं नारिंगीकडे झुकणारा लाल उजेड होता.

मग सगळ्या गाड्यांत लालच का नाही? इथं गंमत आहे.

पहिली गोष्ट, आपला रस्ता म्हणजे पाणबुडी नाही. हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत समोरून गाड्यांची रांग असते. अप्पर न उतरवता येणारा एक ट्रक भेटला की मीटर कितीही लाल असो, ऱ्होडॉप्सिन गेलंच. शिवाय स्वतःच्या हेडलाइटचा उजेडही रस्त्यावरून डोळ्यात येतच असतो. त्यामुळे लाल रंगाचा जो फायदा पुस्तकात दिसतो, तो रस्त्यावर पुरता मिळत नाही.

दुसरी गोष्ट चाळिशीची. लाल उजेडाचं अपवर्तन कमी होतं, त्यामुळे तो डोळ्यात थोडा मागे केंद्रित होतो. जवळचे लाल आकडे वाचायला नेत्रभिंगाला जास्त फुगावं लागतं. तुमच्या वयात ते सहज फुगतं. चाळिशीनंतर समायोजन शक्ती कमी होते आणि तेच आकडे अंधुक होतात. आकडा नीट दिसला नाही की माणूस जास्त वेळ खाली बघतो. ताशी 40 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. घाटातल्या वळणावर 11 मीटर म्हणजे फार झाले.

काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा खूप जास्त आढळतं. त्यातल्या काहींना लाल उजेड मुळातच मंद दिसतो.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. गाडीत लाल रंगाला आधीच काम दिलेलं आहे. ऑइलचं प्रेशर गेलं, इंजिन तापलं, हँडब्रेक लागलेला राहिला, की लाल दिवा लागतो. नारिंगी म्हणजे लक्ष द्या, हिरवा म्हणजे इंडिकेटर वगैरे चालू आहे, निळा म्हणजे हेडलाइट अप्परवर आहे. सगळं मीटरच लालभडक असेल तर त्यात तो एवढासा लाल दिवा कोण बघणार? पाणबुड्यांतही अशीच अडचण होती: लाल उजेडात नकाशावरची लाल रेघ कागदात विरून जाते आणि रंगांचे संकेत ओळखता येत नाहीत. पुढे अमेरिकी नौदल अगदी मंद पांढऱ्या उजेडाकडे वळलं.

काकांच्या निळ्याचं काय? निळा एलईडी मुळात उशिरा आला. लाल आणि हिरवे कधीचे होते, पण चांगला उजळ निळा 1990 च्या दशकात जपानमध्ये साधला. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच दशकाच्या शेवटी फोक्सवॅगननं निळं मीटर आणि लाल काटे आणले आणि निळा म्हणजे नवीन, भारी, असं ठरून गेलं.

पण रात्रीच्या डोळ्याला निळा सोसत नाही. त्याची तरंगलांबी साधारण 470 नॅनोमीटर, म्हणजे दंडाकार पेशींना सगळ्यात जास्त झोंबणाऱ्या भागाच्या अगदी जवळ. दृष्टिपटलाच्या ज्या मध्यबिंदूनं आपण बारीक वाचतो, तिथं निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. आणि निळा उजेड पटलाच्या पुढे केंद्रित होतो. म्हणून निळ्या आकड्यांच्या कडा पसरट दिसतात. दुकानाची निळी पाटी लांबून वाचताना तुम्ही हे पाहिलं असेल.

राहिले हिरवा, नारिंगी आणि पांढरा. जुन्या गाड्यांत साध्या बल्बवर हिरवी टोपी असायची. हिरवा कमी उजेडातही स्पष्ट वाचता येतो, त्यामुळे तो मंद ठेवला तर चालतो. नारिंगी मधला मार्ग आहे: 600 च्या आसपास असल्यानं दंडाकार पेशींना फार धक्का नाही, आणि वाचायला लालपेक्षा सोपा. मला विचाराल तर मी नारिंगी घेईन, किंवा पिवळसर पांढरा. पण खूप मंद.

हे 'मंद' रंगापेक्षाही महत्त्वाचं. झगझगीत नारिंगीपेक्षा मंद निळा बरा. रात्रीच्या एसटीत आतले दिवे लागलेले असले की खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो, बाहेरचं झाड दिसत नाही. काच उजेडाचा थोडासा भाग नेहमीच परावर्तित करते, सरळ पडणाऱ्या उजेडाचा सुमारे 8 टक्के. दिवसा तो कळत नाही, रात्री बाहेर काळोख असला की तोच वरचढ ठरतो. गाडीच्या पुढच्या काचेचंही तसंच. डॅशबोर्डवर उघडी एलईडी पट्टी लावली की तिची रेघ काचेवर उमटते आणि तिच्यामागे नेमका रस्ता असतो. आजोबांना हेच जाणवलं असणार. साठीतल्या डोळ्याच्या पटलावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत एक तृतीयांशच उजेड पोचतो. समोरून येणारा उजेड आधीच तुटपुंजा, त्यात काचेवर निळी रेघ.

स्वीडनच्या साब कंपनीनं 1990 च्या दशकात गाडीत एक बटण दिलं होतं. रात्री ते दाबलं की वेग दाखवणारं मीटर सोडून बाकी सगळे उजेड बंद. इंधन संपत आलं किंवा काही बिघडलं तरच तो भाग आपोआप उजळायचा. मला हे कुठल्याही रंगापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

त्या मुलाला मी सांगितलं, काकांना म्हणावं पट्टी पायाशी खाली लाव, नाहीतर भाडं नसताना उभ्या गाडीत लाव. आणि मीटरजवळ उजेड कमी-जास्त करायचं बटण असतं ते शोध. बऱ्याच लोकांना ते आपल्या गाडीत आहे हेच माहीत नसतं. घाट सुरू व्हायच्या आधी, साखरप्याला चहाला थांबल्यावर, आकडे जेमतेम वाचता येतील इतका उजेड खाली आणायचा. मोबाइल स्टँडला लावलेला असेल तर त्याचाही.

चार दिवसांनी तो परत आला. बटण सापडलं, स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, खाली. पट्टी अजून तिथंच आहे म्हणाला, पण साखरपा आलं की आजोबा हात लांब करून ती बंद करतात.