आजोबा थापा मारत नाहीत

"सकाळी कुठे गेला होतात?" असे विचारले की स्मृती गेलेले एक आजोबा ठणकावून सांगतात, "मिरकरवाडा बंदरावर. सुरमई परवडेना, म्हणून बांगडे आणले." प्रत्यक्षात आजोबा आठवडाभर रुग्णालयाच्या खाटेवर. तासाभराने पुन्हा विचारा, बांगड्यांचे सौंदाळे झालेले असतील. नातेवाइकांना वाटते, म्हातारा लोणकढी ठोकतोय. डॉक्टर याला 'कॉन्फॅब्युलेशन' म्हणतात. थाप मारणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते; इथे सांगणाऱ्याचा स्वतःच्या बोलण्यावर पक्का विश्वास असतो. आठवणीत भगदाड पडलेले, आणि मेंदू ते हाताला लागतील त्या जुन्या तुकड्यांनी बुजवतो. बांगडे आजोबांनी आणलेच होते, फक्त वीस वर्षांपूर्वी.

शब्द मुळात अगदी निरुपद्रवी. लॅटिनमध्ये 'फाबुला' म्हणजे गोष्ट; त्याला सोबतीचा 'कॉन' लागला की अर्थ होतो चार जणांत बसून गप्पा हाणणे. इंग्रजीतही तो आधी गप्पांचाच होता. मनोविकारतज्ज्ञांनी त्याला नकली आठवणींच्या कामाला जुंपले ते विसावे शतक उजाडताना. फारसीतून आलेल्या आपल्या 'गप'नेही हाच उद्योग केला आहे: ओटीवर रंगतात त्या गप्पा, आणि ठोकून दिली जाते ती गप.

आजोबांच्या रत्नागिरीतले मनोरुग्णालय १८८६ सालचे. पुढच्याच वर्षी मॉस्कोत सर्गेई कोर्साकॉफ यांनी दारूपायी स्मृती गेलेल्या रुग्णांविषयी लिहिले. नकली आठवणी डोक्याला मार लागूनही येतात, पण त्यांचे ठळक उदाहरण म्हणजे हा 'कोर्साकॉफ सिंड्रोम'. त्यामागे असते बी-१ जीवनसत्त्वाची उपासमार: पिणारा धड जेवत नाही, आणि जेवला तरी दारू ते अंगी लागू देत नाही.

हे बी-१ तांदळाच्या कोंड्यात असते. गिरणीत तांदूळ पॉलिश झाला की कोंड्याबरोबर तेही जाते. कोकणातला उकडा तांदूळ इथे बाजी मारतो. भात टरफलासकट उकडताना जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि भरडल्यावरही बरेचसे टिकते. पाहुण्यांच्या पानात पांढराशुभ्र भात आणि घरच्यांना उकड्याची पेज, यात नफ्यात कोण ते सांगायला नको! अर्थात रोज क्वार्टर मारून उपाशी झोपणाऱ्याला पेजही वाचवत नाही. असा माणूस बरळत, झोकांड्या खात दवाखान्यात आला, तर सलाइनमधून ग्लुकोज चढवण्याआधी बी-१ टोचावे लागते. नाहीतर ती साखर पचवण्यातच त्याच्या अंगातले उरलेसुरले बी-१ संपते.